परक्या पोराच्या नावाची मूठ

ताई,
तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की दहा वर्षांच्या मुलांसाठी मी लिहिलेल्या गोष्टीत आईचं मरण नको होतं. आणि शेजारची आजी आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटात, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांत, त्या आई गेलेल्या परक्या पोराच्या नावाने धान्याची मूठ घेते हे खोटं आहे, कारण रोट भाऊबंदांबाहेर जात नाहीत.

रोटांचं तुमचं अगदी खरं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. आमच्याकडेही घरातले पुरुष मोजून प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ धान्य घेतात आणि ते रोट बाहेरच्याला देत नाहीत. म्हणूनच तो प्रसंग तिथे घातला. ‘तू आता माझाच’ असं आजी दहादा म्हणाली असती, तरी पोराला पटलं नसतं. ज्या मुठींनी घर मोजतात, त्यांत आपलीही पडली, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. आजीने रीत मोडली, हे तिलाही ठाऊक आहे. तिचे पुतणे त्यावरूनच उठून जातात.

मरणाबद्दल मात्र मी ऐकणार नाही. मी सहावीत असताना वडील गेले. दारावर येणारी माणसं आईजवळ बसायची, आम्हा भावंडांना शेजारी धाडलेलं. तिथल्या काकूंनी आठ दिवस मायेने जेवू घातलं, पण वडिलांचं नाव एकदाही काढलं नाही. आमच्या भल्यासाठीच. मी दिवसभर गोट्या खेळायचो, म्हणून सगळ्यांना वाटलं, पोरगं सावरलं. पण आदल्या दिवशी मी त्यांच्याशी भांडलो म्हणून ते गेले, हे मनात घट्ट बसलं होतं. पुष्कळ मुलांना असं वाटतं, हे मला फार उशिरा कळलं. गोष्टीतलं एखादं पोर तेव्हा हेच बोललं असतं, तर मी ते इतकी वर्षं एकट्याने वागवलं नसतं.

आणि आपल्या अमळनेरला सहा वर्षं शिकवून गेलेल्या साने गुरुजींचं पाहा. छात्रालयातल्या पोरांच्या खोल्या ते झाडत, कपडे धूत. त्यांची आई १९१७ साली गेली. ‘श्यामची आई’ त्यांनी लिहिली १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात. त्यातला श्याम ४२ रात्री गेलेल्या आईबद्दल बोलतो, आणि ऐकायला बसतात ती आश्रमातली मित्रमंडळी, सख्खी नाती नव्हेत. आपण हे पुस्तक मुलांच्या हाती बिनदिक्कत देतोच ना?

एका ठिकाणी मात्र तुम्ही मला पकडलंत. शेवटच्या पानावर पोरगा आजीला ‘आई’ म्हणतो, ते तुम्हाला खटकलं. मलाही आता खटकतं. आईची जागा भरून टाकायची मला घाई झाली होती. ते वाक्य मी काढलं. आता तो तिला आजीच म्हणतो, आणि परातीकडे बघून विचारतो, ‘मायची मूठ कुठे?’

बायकांच्या नावाची मूठ घेत नाहीत, गेलेल्यांची तर नाहीच. आजी काय उत्तर देते, ते मला अजून लिहिता आलेलं नाही. तुमच्या घरात एखाद्या पोराने हे विचारलं असतं, तर तुमच्या सासूबाई काय म्हणाल्या असत्या? कळवाल?