दंड ठोकावा तर असा

चेअरमनसाहेब, निवडून आलात, अभिनंदन! रंकाळ्याकडच्या आपल्या सोसायटीत आता तुमचाच शब्द. तेव्हा पावतीपुस्तक आधी छापून घ्या, नियम सावकाश करू. (घटनेचं कलम 20 म्हणतं की गुन्हा घडला तेव्हाच्या कायद्यात होती त्यापेक्षा जास्त शिक्षा मागाहून देता येत नाही. असू दे. ते गुन्हेगारांसाठी, आपले तर सभासद आहेत.)

गॅलरीतल्या कपड्यांचं पाणी खाली ठिबकलं, 500 रुपये. तेच तुमच्या गाडीवर ठिबकलं, 5,000.

गवळ्याचं मात्र वेगळं. एक तर उशिरा येतो, वर एम-एटी जिन्याच्या तोंडाशी लावतो. त्याच्याकडं पैसे मागत बसू नका. गाडीच ठेवून घ्या, कॅनसकट.

इथं तिसऱ्या मजल्यावरचे वकील आडवे येतील. म्हणतील, इंग्लंडच्या राजाकडून 1215 सालीच मॅग्ना कार्टात लिहून घेतलंय, कुळाला दंड करा, पण त्याच्या शेतीच्या साधनांना हात लावू नका. पोटाचं साधन राहिलं पाहिजे. त्यांना विचारा, गवळ्याकडं औत आहे का?

मग ते अमेरिकेत जातील. तिथं 1791 पासून घटनेच्या आठव्या दुरुस्तीनं अवाजवी दंडाला मनाई आहे. इंडियानातल्या टिम्ब्स नावाच्या माणसानं थोडे अमली पदार्थ विकले. दंडाची कमाल मर्यादा 10,000 डॉलर, आणि सरकारनं उचलली त्याची 42,000 डॉलरची लँड रोव्हर. 2019 साली सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं, ही मनाई राज्यांनाही लागू. गाडी परत मिळाली 2020 मध्ये. जप्त कधी झाली होती? 2013 मध्ये. नाद खुळा! म्हणजे सात वर्षं ठेवता येते, एवढं आपण लक्षात ठेवायचं.

आपल्याकडंही न्याय संहितेच्या कलम 8 मध्ये 1860 च्या दंडविधानातलंच वाक्य आलंय. कायद्यात रकमेचा आकडा दिलेला नसेल तिथं दंड अमर्याद, मात्र तो अवाजवी नसावा. ‘अमर्याद’पर्यंत वाचा आणि चष्मा काढून ठेवा.

एकच अडचण आहे. पूर्वी कुणी हायकोर्टाची धमकी दिली की मुंबईचं भाडं ऐकवून गप्प करता यायचं. 18 ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय, केएमटीच्या तिकिटात जाऊन येता येतं. म्हणून एम-एटीची किल्ली पावतीपुस्तकाखाली सरकवून ठेवा. आणि हो, उद्या सकाळी कोरा चहा चालेल का, ते वहिनींना आजच विचारून घ्या.