"ताई, याला येत नाही"

गेल्या महिन्यात दिंडोरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिलीच्या वर्गात सतरंजीवर मांडी घालून बसले होते. समोर टॅब, टॅबवर मुलांना अक्षरं गिरवायला शिकवणारं आमचं ॲप आणि त्यावर ओणवी झालेली एक चिमुरडी. 'ग' गिरवायचा होता. तिने आधी डावीकडचा आकडा काढला, मग दांडा. ॲपने टुंग करून लाल फुली दाखवली. पुन्हा केलं, पुन्हा फुली. तिसऱ्यांदाही तेच झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "ताई, याला येत नाही."

तो कोड माझा होता.

झालं होतं असं, की अक्षरांच्या फाइली बनवताना डिझायनरने वरची आडवी रेघ आधी काढली होती. फाइलमध्ये जी रेघ पहिली, तीच मुलाने पहिली काढायची, असं मी धरून चालले. वर्गाच्या बाई मागून म्हणाल्या, "अहो, शिरोरेघ शेवटी देतात. तुम्हाला नव्हतं का शिकवलं?" शिकवलं होतं हो. पाटीवर, हात धरून.

नोकरीला लागून मला पाच महिने झालेत. गंगापूर रोडला छोटंसं ऑफिस, पाच जणांची टीम. कॉलेजात ग्रुप प्रोजेक्ट म्हणजे एकाने राबायचं आणि चौघांनी नावं लावायची, हे नाशकातल्या इंजिनिअरिंगवाल्यांना सांगायला नको. इथे पहिल्याच पुल रिक्वेस्टवर, म्हणजे तपासायला टाकलेल्या कोडवर, आमच्या सिनियर दादाच्या एकोणतीस कमेंट आल्या. त्या रात्री जेवण गेलं नाही. आता वाटतं, त्यातल्या पंचवीस तरी बरोबर होत्या. (चार अजूनही पटलेल्या नाहीत, दादा, वाचत असाल तर.)

पहिलं काम होतं शब्दाची अक्षरं सुटी करून पत्ते बनवायचे, मुलांनी ते जुळवायचे. 'कमळ' झकास सुटला. 'पक्षी' टाकला तर पाच पत्ते पडले: प, क, एक अनाथ हलन्त, ष आणि ठिपक्यांच्या गोलाला लटकलेली वेलांटी. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, क्ष हे एक अक्षर नसतंच, क, हलन्त आणि ष अशी तिघांची माळ असते. मग अक्षरं सुटी करणारी तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला आयता कोड, लावली, तर तीन पत्ते: प, क्, षी. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडच्या मूळ नियमांत 2023 साली, 15.1 आवृत्तीत आला आणि आमची लायब्ररी त्याच्या आधीची. शेवटी ती बदलली तेव्हा कुठे पक्षी दोन पत्त्यांत बसला. ऑफिसात सगळ्यांना 'द द्राक्षांचा' हवा होता, नाशिक म्हटल्यावर हवाच. पण जे पोर द ओळखायला शिकतंय, त्याच्या पुढ्यात द्रा टाकायचा? माझं कोणी ऐकलं नसतं, बाईंनी एका वाक्यात 'दप्तर' करून टाकलं.

शाळेतली दुसरी फजिती याहून मोठी. शिरोरेघ आधी काढायची सक्ती मी तिथेच लॅपटॉपवर काढून टाकली, तरी त्या मुलीची रेघ मध्येच तुटून टॅबच्या दुसऱ्या टोकाला उडी मारायची. हा बग टेस्टरने आधी दोनदा लिहिला होता आणि मी दोन्ही वेळा 'माझ्याकडे होत नाही' म्हणून बंद केला होता. होणार कसा? आम्ही टेबलावर, स्टँडला लावलेल्या टॅबवर एक बोट नाजूकपणे फिरवायचो. ती मात्र जमिनीवर ठेवलेल्या टॅबवर उजवा तळवा घट्ट रोवून गिरवत होती, आणि ॲप तळव्यालाच बोट समजत होतं. आता सुरुवातीच्या ठिपक्यावर जो स्पर्श पडतो तेवढाच धरायचा, बाकीचे सोडून द्यायचे, असं केलंय. ओळी जेमतेम बारा.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: मुलांच्या ॲपवर नवा माणूस घेतलात तर पहिल्या आठवड्यात त्याला बटणांचे रंग बदलायला बसवू नका, शाळेत पाठवा, तेही हाताची घडी घालून नुसतं बघायला. आमच्याकडे दोन आठवडे गेले ते प्रमाणपत्राच्या स्क्रीनवर. सोनेरी किनार, मुलाचं नाव, खाली व्हॉट्सॲपवर पाठवायचं बटण. पैसे पालक देतात, पगार त्यातूनच होतो, सगळं कळतं मला. पण गिरवायला बसलेलं पोर एकदाही शेजारी बसून बघितलं नव्हतं, आमच्या पाचांपैकी कोणीच.

परवा नवी आवृत्ती घेऊन पुन्हा गेले. तीच मुलगी. आकडा बरोबर, दांडा बरोबर, तळवा टेकलेला तरी रेघ अखंड. मी मनातल्या मनात दादाला फोन लावलासुद्धा. मग तिने शिरोरेघ दिली, उजवीकडून डावीकडे.

टुंग. लाल फुली.

ती डावरी आहे. पहिल्या खेपेला तासभर समोर बसूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. या बगचं टिकेट, म्हणजे दुरुस्तीची नोंद, मीच टाकलंय, स्वतःच्याच नावावर.