दोन वर्षांची, पण पुरी पदवी

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून, दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण सोडणाऱ्याला पदविका देण्याच्या तरतुदीवर वाद चालू आहे. गरीब घरांतल्या मुलांना, आणि त्याहून अधिक मुलींना, शिक्षणाबाहेर काढण्याची ही सोयीची वाट ठरेल, असे विरोधक म्हणतात. निदान ती रिकाम्या हाताने तरी जाणार नाहीत, असे समर्थकांचे म्हणणे असते. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत दातांच्या कॅप, ब्रिज आणि कवळ्या बनवण्याची, म्हणजे डेंटल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजीची, दोन वर्षांची असोसिएट पदवी घेत असताना हा वाद वाचतो, तेव्हा दोन्ही बाजूंनी दोन वर्षांचे शिक्षण अर्धवटच असते असे गृहीत धरल्याचे जाणवते.

इथे सुरुवात मेणापासून होते. वरच्या पहिल्या दाढेचे उंचवटे, त्यांच्यामधल्या खाचा आणि शेजारच्या दाताला टेकणारा फुगवटा हाताने कोरावा लागतो. हा फुगवटा नीट टेकला नाही तर फटीत अन्न अडकते, आणि एखादा उंचवटा केसभर जरी उंच राहिला तरी रुग्णाला धड चावता येत नाही. प्लास्टरचे साचे, धातूचे ओतकाम, पोर्सेलिनचे थर हे ओघाने येतेच. झिर्कोनिया या पांढऱ्या, टणक सिरॅमिकची कॅप भट्टीत साधारण दीड हजार अंश सेल्सिअसला भाजताना सुमारे वीस टक्के आकसते, म्हणून यंत्र ती त्या हिशेबाने आधीच मोठी कापते. हा हिशेब संगणक बिनचूक करतो. मात्र पडद्यावरच्या दाढेचा उतार चुकला आहे हे ओळखायला मेणावर बसलेला हातच लागतो, असे आमचे शिक्षक म्हणतात आणि मला ते पटते.

हा अभ्यासक्रम दोन वर्षांत पुरा व्हावा असाच बेतलेला आहे. याउलट आपल्याकडच्या चौकटीत बाहेर पडणाऱ्याने उन्हाळ्यात चार श्रेयांकांचे (क्रेडिट) व्यावसायिक काम केले की पदविका हाती पडते. हे ठिगळ आहे, आणि या मुद्द्यावर मी विरोधकांच्या बाजूचा आहे. पण त्यावर उपाय म्हणून सर्वांनी तीन-चार वर्षे काढलीच पाहिजेत, असे ते म्हणू लागले की मी त्यांच्याबरोबर नाही.

इथेही सगळे आलबेल आहे असे नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत या कामाला परवाना लागत नाही. लॅबचा मालक कोणालाही हाताशी धरून शिकवू शकतो, आणि मग दोन वर्षांची फी कशाला भरायची, हा प्रश्न रास्तच ठरतो. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम त्यामुळे मोजकेच उरले आहेत. गंमत अशी की भारतात १९४८ च्या दंतवैद्य कायद्यानेच डेंटल मेकॅनिकची, म्हणजे हेच काम करणाऱ्याची, वेगळी नोंदवही ठेवली, त्यासाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रमही आहे; तरीही बारावीनंतर बीडीएस हुकलेल्या मुलापुढे घरात त्याचे नाव क्वचितच निघते. त्या नोंदवहीत नाव असलेल्याला पुढे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला थेट प्रवेश का मिळू नये, हा प्रश्न सध्याच्या वादात कोणी विचारल्याचे माझ्या तरी वाचनात आलेले नाही.