पाच आकडी झबलं

तान्ह्या बाळाला डिझायनर कपडे घ्यायचे, तर सर्वांत आधी आजीला आवरा. मूल घरी यायच्या आतच ती माळ्यावरच्या ट्रंकेतून जुनं नऊवारी काढते आणि दुपटी फाडायला बसते. वीस-पंचवीस वर्षं धुऊन धुऊन ते सुती लुगडं सायीसारखं मऊ झालेलं असतं, तान्ह्या अंगाला त्याच्यासारखं कापड नाही, हे सगळं कबूल. पण त्याला लेबल नाही. बाळ बघायला आलेल्यांनी वाचायचं काय?

खरेदीला तुळशीबागेत जाऊ नका आणि लक्ष्मी रस्त्याला तर मुळीच नको. तिथला माणूस गादीवर बसल्या बसल्या "कितीपर्यंतचं दाखवू?" असं विचारून चारचौघांत तुमची ऐपत काढतो. कोरेगाव पार्कातल्या बुटीकमध्ये असलं कुणी विचारत नाही. तिथे किंमत एका चिठोऱ्यावर, चिठोरं बाहीच्या आत आणि बाही उलटी करून बघणं म्हणजे गावंढळपणा. न बघता कार्ड पुढे करा. आकडा घरी येऊन दोघांनी शेजारी बसून वाचा. संसारात इतकी शांतता पुन्हा मिळत नाही.

रंग ओटमील, सँड किंवा स्टोन यांपैकीच घ्या. आजी बोटांत चुरगळून म्हणेल, "मांजरपाट बरा मिळाला हो!" हसू नका. तिला लिनन कळत नाही, तुम्हाला मांजरपाट.

आता ‘क्लासिक’ म्हणजे काय, तेही समजून घ्या. फ्रॉकच्या छातीवर बारीक चुण्या आणि त्यांवर रंगीत दोऱ्याचे टाके दिसले की ते स्मॉकिंग. इंग्लंडातले शेतमजूर आणि मेंढपाळ 18व्या-19व्या शतकात असले सदरे घालत. इलॅस्टिक नव्हतं, हात उचलला की कापड ताणावं, खाली आला की आवळावं, म्हणून ही चुण्यांची युक्ती. थोडक्यात, मेंढरं हाकायची सोय. हे विहीणबाईंना सांगायचं नाही. (मावळातलं भातलावणीचं इरलं उद्या पॅरिसला जाऊन परत आलं, तर त्याचीही किंमत पाच आकडी होईल. तेव्हा लगेच बुक करा.)

मुलगा असेल तर खलाशी सूट. 1846 साली राणी व्हिक्टोरियाच्या चार वर्षांच्या युवराजाला राजनौकेवर खलाशाचा छोटा गणवेश चढवला, विंटरहाल्टरने तसं त्याचं चित्र काढलं आणि पुढे युरोपभरची पोरं खलाशी झाली. पुण्याला समुद्र नाही म्हणून खट्टू होऊ नका. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत बोटी शिरल्याच होत्या. पोशाख इस्त्री करून तयार असू द्या.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो, शिवण सुरेख असते. उलट करून पाहा: कापडाची कड कुठे उघडी नाही, गुंडी खऱ्या शिंपल्याची, काजं हाताने केलेली. हा फ्रॉक तीस वर्षं सहज टिकेल. आतलं मूल तीन महिने. जन्मताना साधारण 50 सेंटिमीटरचं बाळ वर्षात 75च्या घरात जातं, हे त्या कारागिराला माहीत नसेल असं नाही. पण त्याने करावं तरी काय? आपल्याकडचा शिंपी "वाढत्या अंगाचं ना?" असं स्वतःच विचारायचा, आत दोन बोटं माया सोडायचा आणि परकराला खाली टक घालायचा. दरवर्षी एक टक उसवला की परकर मुलीबरोबर वाढे. डिझायनर कपड्यात माया सोडत नाहीत. घेर बिघडतो.

कपडा घातल्यावर मुलाला जेवू घालू नका. वरणभात तर नकोच. लिननवरचा हळदीचा डाग धुऊन उन्हात टाकला की उडतो, हे आपल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण लेबलवर ‘सावलीत वाळवा’ असं लिहिलंय आणि एवढे पैसे मोजून लेबलचं ऐकायचं नाही म्हणजे काय? बोरन्हाणाला आजी काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घेऊन येईल. त्यावर उपाय म्हणजे ओटमील फ्रॉकमध्ये आधी फोटो उरकून घ्या, मग मूल तिच्या ताब्यात द्या. डोक्यावरून चुरमुरे आणि बोरं ओतली की ते खदखदा हसेल. तो फोटो कुठे टाकू नका, मागे प्लास्टिकची बादली आलेली असते.

तीन महिन्यांनी फ्रॉक गळ्यातून उतरेनासा झाला, की तो मलमलीत गुंडाळून ‘पुढच्या पिढीसाठी’ जपून ठेवा. पुढच्या पिढीला मलमलच आवडते.

पण एखाद्या दुपारी, तुम्ही ऑफिसात असताना, दारावर बोहारीण येईल. आजी तो फ्रॉक बाहेर काढेल. बोहारीण तो उजेडात धरेल, चुण्या ताणून बघेल, बाही उलटी करेल (तिला कसला आलाय गावंढळपणा) आणि बाजूला सारत म्हणेल, "लहान पोरांचं चालत नाही, आजी. ह्याच्यावर साहेबांच्या दोन पँटी टाका, मग देते पातेलं."

आजी दोन पँटी टाकेल. झाकण मात्र घासाघीस करून वेगळं घेईल.