आजची साक्ष, जी मी दिली नाही

आज चर्चच्या उपासनेत मला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, पुढे बोलावलं होतं. नवऱ्याचा पेट स्कॅन, म्हणजे कॅन्सर कुठे उरलाय का ते बघायची तपासणी, स्वच्छ आला, सहाच्या सहा केमो संपल्या, म्हणून आमच्यासाठी उपकारस्तुतीची प्रार्थना होती. इथपर्यंत सगळं छान होतं. मग माझी ओळख करून देताना एक जण माइकवर म्हणाले, "आपल्या या भगिनीचा विश्वास मोठा, म्हणून प्रभूने तिच्या नवऱ्याला वाचवलं. विश्वास पक्का असेल तर कॅन्सरची काय बिशाद!" सगळे मोठ्याने "हालेलूया" म्हणाले.

तिसऱ्या रांगेत ताई बसल्या होत्या. मीच आग्रहाने बोलावलं होतं त्यांना. त्यांच्या नवऱ्याला जाऊन दोन महिने झालेत. तोच आजार, तोच वॉर्ड, आमच्या शेजारचा बेड.

मी पुढे गेले, माइक हातात घेतला, "प्रभूचे उपकार" एवढंच म्हटलं आणि जागेवर येऊन बसले. लोकांना वाटलं मला गहिवरून आलंय. गहिवर नव्हता तो, संताप होता. आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि तो अजून उतरलेला नाही. जे तिथे बोलायला हवं होतं ते इथे लिहितेय. लांबेल. ज्यांना वाचायचं ते वाचतील.

मी जन्माने ख्रिस्ती. लहानपणी बाप्तिस्मा झाला, नाताळ आणि ईस्टरला चर्चमध्ये जायचं, जेवणाआधी घाईघाईत डोळे मिटायचे, बास. मोठा विश्वास वगैरे माझ्याकडे कधीच नव्हता. नवऱ्याच्या मानेत गाठ निघाली, बायोप्सी झाली, डॉक्टरांनी 'डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा' असं नाव सांगितलं, म्हणजे लसिकाग्रंथींचा एक कॅन्सर, तेव्हा मला देव आठवलासुद्धा नाही. मला आठवली ती विम्याची फाइल. आर-चॉप नावाची पाच औषधं, दर २१ दिवसांनी एकदा, अशा सहा सायकल. मी फ्रिजवर कागद चिकटवला आणि खुणा करायला लागले. प्रार्थना करायचे, नाही असं नाही, पण ती प्रार्थना म्हणजे नुसती धमकी होती. याला काही झालं तर बघ, अशी.

मग तिसऱ्या सायकलनंतरची ती रात्र आली.

केमो दिल्यानंतरचा दहावा दिवस होता. ज्यांच्या घरात केमो झालीय त्यांना दहावा दिवस म्हणजे काय ते सांगायला नको. पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात, साधा जंतूही भारी पडतो. ताप १००.४ च्या वर गेला तर घरी गोळ्या देत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं, हे आम्हाला पहिल्या दिवशीच बजावलं होतं. रात्री दीड वाजता थर्मामीटरने १०१.२ दाखवला. अडीचपर्यंत तो आत होता, सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं होतं, आणि मी बाहेर पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी होते. पायात दोन वेगवेगळ्या चपला. ते मला सकाळी कळलं.

पॅसेजमध्ये एकच खुर्ची होती, तिच्यावर एक बाई बसल्या होत्या. त्या उठल्या, म्हणाल्या, "बस बाई, माझं बसून झालंय." थर्मासच्या झाकणात कोमट पाणी ओतून माझ्या हातात दिलं. माझा हात इतका थरथरत होता की त्यांनी खालून झाकण धरून ठेवलं, लहान मुलाला पाजतात तसं. मग विचारलं, "नाव काय त्यांचं?" मी सांगितलं. आणि तिथेच, उभ्या उभ्या, आतून मॉनिटरची टिकटिक येत असताना, त्यांनी माझ्या नवऱ्यासाठी प्रार्थना केली. आधी माझ्या. मग स्वतःच्या.

ती प्रार्थना मला शब्दन् शब्द आठवते, कारण मला तिचा राग आला होता. त्या म्हणाल्या, "प्रभू, आज यांना दोन तास झोप लागली, तुझे उपकार. आज पाणी पोटात राहिलं, तुझे उपकार. सिस्टरने एकाच टोचण्यात शीर शोधली, तुझे उपकार." मला वाटलं, ही बाई भ्रमिष्ट झालीय का? नवरा आत मरणाच्या दारात आणि ही शिरेचे उपकार मानतेय!

मोठा विश्वास कोणाचा, ते आता तुम्हीच ठरवा. खुर्चीवरून उठणाऱ्या त्या बाईचा, म्हणजे ताईंचा, की दात-ओठ खात तिच्या खुर्चीवर बसलेल्या माझा? माझा नवरा वाचला. त्यांचा गेला. आणि आज माइकवरून त्यांना ऐकावं लागलं की विश्वास पक्का असेल तर कॅन्सरची काय बिशाद!

अहो, आपण बायबल वाचतो की नुसतं छातीशी धरतो? इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय काढा. सगळा विश्वासाचाच अध्याय आहे. ३४ व्या वचनात काही जण विश्वासाच्या बळावर तलवारीच्या धारेतून वाचले. तीनच वचनं पुढे, ३७ मध्ये, काही जण त्याच तलवारीने मारले गेले. आणि ३९ व्या वचनात सांगितलंय की त्या सगळ्यांच्याच विश्वासाची साक्ष पटली. सगळ्यांच्या! तिथे वाचलेल्यांची वेगळी रांग केलेली नाही. जन्मांध माणूस दिसला तेव्हा शिष्यांनीही हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. योहान ९. एवढं स्पष्ट सांगूनही आपण दोन हजार वर्षं तोच प्रश्न विचारतोय, फक्त 'पाप' काढून तिथे 'विश्वास कमी' असं घातलंय.

याकोबाच्या पत्रात विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील असं लिहिलंय, माहीत आहे मला. ५:१५. कोणीतरी ते खाली कमेंटमध्ये टाकणारच आहे. आहे ते तिथे, मी खोडत नाही. पण ते वचन विधवेच्या तोंडावर फेकायला लिहिलेलं नाही.

जरा पाणी पिऊन आले.

त्या रात्रीनंतर आम्ही सहा दिवस आत होतो, ताई आणि मी शेजारी शेजारी. मी त्यांना एकदा स्पष्टच विचारलं, तुम्हाला हे जमतं कसं? उपकार कसले मानता? त्यांनी पिशवीतून बायबल काढलं, कडा पार मऊ झालेल्या, आणि १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ वर बोट ठेवलं. "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." मग म्हणाल्या, "नीट वाच. स्थितीत म्हटलंय. स्थितीबद्दल नाही म्हटलेलं. कॅन्सरबद्दल मी देवाचे आभार कशाला मानू? कॅन्सर घाणच आहे. पण कॅन्सरमध्ये असताना तो आपल्याला सोडत नाही, त्याचे मानते." एका 'त'चा फरक! इतकी वर्षं मी हे वचन भिंतीवरच्या कॅलेंडरवर वाचत होते आणि माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. (इफिसकरांस पत्रात 'सर्व गोष्टींबद्दल' असंही आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ताईंकडेही नव्हतं.)

मला देव सापडला म्हणतात तो असा. ना प्रकाश पडला, ना आवाज आला. केमोबरोबर पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या असायच्या, त्या दिवसांत नवऱ्याला रात्र रात्र झोप नसायची. तो जागा म्हणून मी जागी. मोबाइलवर बायबलमधली स्तोत्रं वाचायला लागले, सुरुवातीला वेळ जावा म्हणून. एका रात्री ८८ वं स्तोत्र समोर आलं. बाकीची दुःखाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे वळतच नाही. शेवटच्या ओळीतही अंधारच. मी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "हे बायबलमध्ये आहे?" आहे! आणि ते कोणी काढून टाकलेलं नाही. त्या रात्री पहिल्यांदा मला वाटलं की या देवाशी बोलता येईल. खोटं हसू चेहऱ्यावर न चिकटवता बोलता येईल. मार्कच्या नवव्या अध्यायातला तो बाप, ज्याचा मुलगा आजारी आहे, तो येशूला म्हणतो ना, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका दमात दोन्ही! माझीही प्रार्थना तेव्हापासून तीच आहे. मोठा विश्वास म्हणे!

माझा भाऊ म्हणतो, आभार डॉक्टरांचे मान, देवाचे कशाला? बरोबर आहे त्याचं. गाठ औषधानेच विरघळली. मी प्रार्थना करत बसले असते आणि केमो दिली नसती, तर आज मीही ताईंच्या रांगेत असते. पण आभार कुठेतरी संपतात का? नवऱ्याला द्यायच्या औषधांत एक होतं व्हिनक्रिस्टिन. ते सदाफुलीपासून काढतात, हे मला केमो देतात त्या डे केअर वॉर्डमधल्या सिस्टरने सांगितलं तेव्हा खरं वाटेना. सदाफुली! कुंपणाशी उगवते, कोणी पाणीसुद्धा घालत नाही ती. १९५० च्या दशकात कॅनडातले संशोधक मधुमेहावर काही मिळतंय का म्हणून सदाफुलीच्या मागे लागले होते. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी उतरल्या, आणि तिथून कॅन्सरच्या औषधांची वाट निघाली. दुसरं औषध रिटुक्सिमॅब. ते वापरात आलं १९९७ साली. हाच आजार माझ्या सासऱ्यांच्या पिढीत झाला असता तर ते हाताशी नसतं. आता या सगळ्याचे उपकार मी कोणाचे मानू? डॉक्टरांचे मानले, सिस्टरचे मानले, त्या संशोधकांचे मानले, तरी हातात उरतातच. उरलेले कुठे ठेवू? मी ते प्रभूच्या पायाशी ठेवते. भावाला नसेल पटत तर नको पटू दे. दर केमोला गाडी घेऊन तोच येत होता, त्याच्याशी मला वाद नाही.

त्याच व्हिनक्रिस्टिनने नवऱ्याच्या बोटांना मुंग्या आल्या आहेत. शर्टाचं बटण लावता येत नाही. बटण बोटांत आहे की निसटलं हेच त्याला कळत नाही, काजाभोवती बोटं नुसती फिरत राहतात. सुरुवातीला मी पुढे झाले की हात झटकायचा. पाचव्या सायकलच्या सकाळी त्याने स्वतःच हनुवटी वर केली आणि थांबला. मी खालून वर एकेक बटण लावत गेले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, इतक्या जवळून त्याच्या गळ्याकडे मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. गाठ होती तिथे आता काही नव्हतं. त्या क्षणी माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सहा बटणं, तुझे उपकार." ताईंची भाषा. त्यांच्याकडूनच आलेली.

ताईंच्या नवऱ्याचा आजार मात्र औषधांना दाद देईना. दुसरी औषधं झाली, तीही चालली नाहीत. ते गेले त्या रात्री ताईंचा फोन आला. मला वाटलं आताही त्या उपकार मानतील, आणि खरं सांगते, मला भीती वाटत होती त्याची. त्या म्हणाल्या, "मला आज उपकार मानवत नाहीत गं. माझ्या वाटचे तू मान." एवढंच. फोन ठेवला.

तेव्हापासून रोज रात्री मी त्यांच्या वाटचे मानतेय. दोन महिने. ज्या बाईने तिच्या सगळ्यात वाईट रात्री माझ्या नवऱ्याचं नाव आधी घेतलं, तिच्यासाठी एवढं तर करायलाच हवं. आणि आज मी तिला हौसेने चर्चमध्ये घेऊन गेले आणि आपण सगळ्यांनी मिळून तिला सांगितलं की तुझा विश्वास कमी पडला.

माइकवरच्या गृहस्थांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना आनंद झाला होता, तो त्यांनी बोलून दाखवला. मान्य. आमच्यासाठी त्यांनी उपासही केले होते, तेही मी विसरलेले नाही. त्यांच्यावर चिडून निम्मी पोस्ट लिहिली, पण खरी चीड माझी मलाच येतेय. माइक माझ्या हातात होता. "थांबा, मोठा विश्वास तिसऱ्या रांगेत बसलाय" एवढं एक वाक्य बोलायचं होतं. त्याला धैर्य लागत नाही, फक्त तोंड उघडावं लागतं. येशूला पकडलं त्या रात्री गेथशेमाने बागेत शिष्यांना येशूबरोबर घटकाभरही जागं राहवलं नाही, त्यांना मी नावं ठेवायचे. आज मी टक्क जागी होते, तरी झोपलेच.

प्रार्थना संपल्यावर पळत बाहेर गेले. ताई फाटकाशी उभ्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "त्यांच्या बोटांच्या मुंग्या कमी झाल्या का गं?" मी म्हटलं, थोड्या. त्या म्हणाल्या, "हळूहळू जातील." मग रिक्षा आली.

पुढच्या रविवारी मी परत माइक मागणार आहे. पाळकांना तसा मेसेज टाकलाय. देतील न देतील.

आता दिवा मालवते. प्रभू, ताई आज घराबाहेर पडल्या, माणसांत बसल्या, तुझे उपकार. त्या सुखरूप घरी पोहोचल्या, तुझे उपकार. त्यांना आज सलग चार तास झोप लागू दे.