हिरड्यांसाठी हार्मोनच्या गोळ्या: त्या मेसेजमधल्या दाव्यांना उत्तर

बायकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: पाळी गेली की इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन संपतं आणि दात हलणारच. हार्मोन थेरपी, म्हणजे एचआरटी, सुरू केली की हिरड्यांचा आजार ४४ टक्क्यांनी कमी होतो, हे सिद्ध झालंय. म्हणून डॉक्टरांकडे गोळ्या मागा, हार्मोनच्या किंवा हाडांच्या. आणि दात साफ करून घेऊ नका, त्याने ते ढिले होतात. हा मेसेज वाचून कुणीतरी गोळ्या सुरू करेल आणि कुणीतरी दातांच्या डॉक्टरांकडे जायचं टाळेल, म्हणून एकेक दावा तपासून पाहू.

"पाळी गेली की दात हलणारच."

इस्ट्रोजेनचा हिरड्यांशी संबंध आहे, एवढं खरं. ते कमी झालं की हाडांची झीज वाढते आणि जबडाही त्यातून सुटत नाही. कुणाचं तोंड कोरडं पडतं, कुणाच्या जिभेची आग होते. पण पायोरिया, म्हणजे हिरड्यांचा आजार, होतो तो दातांच्या कडेला साचलेल्या जंतूंच्या थरामुळे. इस्ट्रोजेन कमी झाल्यावर तोच थर जास्त नुकसान करू शकतो, इतकंच. मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्या झपाट्याने बिघडतात. आपल्याकडे कितीतरी बायका अजून सकाळी मिश्री लावतात. तीही तंबाखूच, आणि तिने हिरड्या दातांवरून मागे सरकतात. मेसेजमध्ये यातल्या कशाचाच उल्लेख नाही. भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी थांबते. त्यानंतरच्या सगळ्या आयुष्यात दात जायचेच, असं बाईने गृहीत धरावं, हे मला अजिबात मान्य नाही.

"४४ टक्क्यांनी कमी, हे सिद्ध झालंय."

हा आकडा हवेतून आलेला नाही. ब्राझीलमधला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. पाळी थांबलेल्या ४९२ बायकांची तपासणी झाली. त्यांतल्या ११३ जणी हाडांच्या ठिसूळपणासाठी उपचार घेत होत्या, आणि त्यांच्यात हिरड्यांच्या तीव्र आजाराचं प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी आढळलं. पण त्या उपचारात इस्ट्रोजेनसोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही होतं. शिवाय ही एका वेळची पाहणी होती. गोळ्यांमुळे हिरड्या सुधारल्या, की नियमित उपचार घेणाऱ्या बायका मुळात दातांचीही जास्त काळजी घेत होत्या, हे अशा पाहणीतून ठरवता येत नाही.

ही शंका उगाच काढलेली नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या प्रसिद्ध दीर्घकालीन अभ्यासात हार्मोन घेणाऱ्या बायकांचे दात कमी पडलेले दिसले होते. त्याच अभ्यासात त्यांना हृदयविकारही कमी होताना दिसत होता, आणि त्या भरवशावर जगभर लाखो बायकांना हृदयासाठी हार्मोन दिले गेले. मग १६,६०८ बायकांवर प्रत्यक्ष चाचणी झाली, निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना औषध नसलेली. २००२ साली ती मुदतीआधी थांबवावी लागली. हृदयाचं रक्षण दिसलं नाही. उलट हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळ्या आणि स्तनाचा कर्करोग, सगळंच वाढलेलं होतं. हार्मोन घेणाऱ्या बायका सुशिक्षित, तब्येतीला जपणाऱ्या, डॉक्टरांकडे वेळेवर जाणाऱ्या होत्या. पाहणीत दिसलेल्या फायद्यात त्याचा वाटा मोठा होता. दातांच्या बाबतीत तसंच नसेल कशावरून?

दुसरी बाजूही सांगायला हवी. २००२ सालीच आलेल्या एका छोट्या चाचणीत हार्मोन घेणाऱ्या बायकांच्या जबड्याच्या हाडाची घनता थोडी जास्त वाढली होती. म्हणजे परिणाम अगदीच काल्पनिक नाही. पण त्याने दातांवरचा जंतूंचा थर निघत नाही.

"मग डॉक्टरांकडे गोळ्या मागा."

फक्त हिरड्यांसाठी मागू नका. त्या मोठ्या चाचणीत वर्षाला दर १०,००० बायकांमागे स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण जास्त आढळले. आकडा लहान आहे, पण ब्रशने आणि स्केलिंगने, म्हणजे डॉक्टरांकडून दात साफ करून घेतल्याने, जे साधतं त्यासाठी तो धोका का पत्करायचा?

याचा अर्थ एचआरटी वाईट, असा मात्र नाही. अंगातून वाफा येणं, रात्री घामाने जाग येणं यावर इतकं गुणकारी दुसरं औषध नाही. साठीच्या आत किंवा पाळी थांबून दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केली तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा जास्त होतो. अकाली पाळी गेलेल्यांना तर ती हाडांसाठी आणि हृदयासाठीही सुचवली जाते. आणि अशा बायका आपल्याकडे थोड्या नाहीत. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने ८२ हजारांवर ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सोबत बीजकोशही काढले असतील तर पाळी त्याच दिवशी कायमची जाते, मग वय तीस असो की पस्तीस. हार्मोनबद्दल डॉक्टरांनी आपणहून बोलायला हवं ते या बायकांशी.

"दात साफ केले की ढिले होतात."

हे साफ चूक आहे, आणि सगळ्या मेसेजमध्ये सर्वांत जास्त नुकसान करणारं हेच वाक्य आहे. दातांवर दगडासारखा घट्ट झालेला थर काढला की सुजलेली हिरडी ओसरते, झाकलेल्या फटी दिसू लागतात आणि काही दिवस दात सुटल्यासारखे वाटतात. हाड आधीच झिजलेलं असतं. तो थर फक्त ते लपवत होता. ब्रश करताना रक्त येतं म्हणून ब्रश थांबवणंही तितकंच चुकीचं, कारण थर साचतो आणि रक्त वाढतं.

राहिली हाडांची औषधं. मेसेजमध्ये ती आणि हार्मोन एकाच पंगतीत बसवली आहेत, पण अॅलेन्ड्रोनेटच्या गोळ्या किंवा झोलेड्रोनिक अॅसिडचं इंजेक्शन ही वेगळी औषधं आहेत. त्यांच्यावर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. औषध आपल्या मनाने बंद करू नका, पण दात काढायच्या आधी डॉक्टरांना ते चालू असल्याचं नक्की सांगा आणि गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.