'बाय' म्हणजे 'ने' नव्हे

दहावीचे वर्ष सुरू झाले की नाशिकमध्ये घरोघरी इंग्रजी व्याकरणाच्या वह्या भरू लागतात आणि 'बाय' या एवढ्याशा शब्दापुढे एक समीकरण लिहिले जाते: बाय म्हणजे ने, कडून. शिकवणीच्या निमित्ताने अशा पुष्कळ वह्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत, आणि माझे स्पष्ट मत आहे की हे समीकरण मुलांना शिकवूच नये. आपला 'ने' फार ऐसपैस प्रत्यय आहे. तो जिथे जिथे बसतो तिथे 'बाय' बसत नाही, आणि 'बाय'ची निम्मी कामे 'ने'च्या आवाक्यातली नाहीत.

'चोराने कुलूप तोडले' आणि 'दगडाने कुलूप तोडले' या दोन्ही वाक्यांत मराठीचे काम एकाच 'ने'वर भागते. इंग्रजीत मात्र चोराला 'बाय' लागतो आणि दगडाला 'विथ': द लॉक वॉज ब्रोकन बाय अ थीफ विथ अ स्टोन. समीकरण पाठ केलेला विद्यार्थी दोन्हीकडे 'बाय' घालतो आणि त्याचा दगड आपण होऊन कुलूप तोडायला निघतो. गंमत म्हणजे कधी कधी हेही बरोबर असते. कॉलेज रोडवर वादळात झाडाची फांदी पडून गाडीची काच फुटली, तर त्या फांदीला 'बाय'च लागेल, कारण ती कोणी हातात धरलेली नव्हती. तेव्हा वस्तूमागे कोणाचा हात आहे की नाही, हा प्रश्न आधी विचारायला हवा. तो विचारला की नववीतल्या मुलालाही उत्तर आपोआप सापडते.

'प्रयोग बदला' या परीक्षेतल्या प्रश्नामुळे आणखी एक गैरसमज पक्का होतो. मुलांना वाटते की कर्मणी वाक्याला 'बाय' जोडलाच पाहिजे, म्हणून ती अर्जातसुद्धा 'द फॉर्म वॉज फिल्ड बाय मी' असे लिहितात, जिथे साधे 'आय फिल्ड द फॉर्म' पुरेसे होते. वास्तविक इंग्रजीत कर्मणी रचना बहुधा कर्ता सांगायचा नसतो, ठाऊक नसतो किंवा सांगण्याची गरज नसते तेव्हाच वापरली जाते. आपल्याकडच्या 'रस्ता वाहतुकीसाठी बंद ठेवण्यात येत आहे' या सूचनेत तरी कर्ता कुठे असतो? शिवाय 'नोन' आणि 'मॅरीड' या रूपांपुढे सहसा 'टू' येतो आणि 'इंटरेस्टेड'पुढे 'इन'. तिथे पाठ केलेला 'बाय' घात करतो.

मुळात या शब्दाचा जुना अर्थ 'जवळ, शेजारी' असा आहे, आणि 'अ हाउस बाय द रिव्हर' म्हणजे नदीकाठचे घर यात तो अजून टिकून आहे. कर्ता दाखवण्याची मक्तेदारी त्याच्याकडे पुढे आली. 1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये योहानाकडून बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांविषयी लिहिताना 'बाय' नव्हे, 'ऑफ' वापरलेला आहे.

सर्वांत जास्त घोटाळा मात्र 'ने'मुळे नव्हे, आपल्या 'पर्यंत'मुळे होतो, आणि त्याकडे कोणाचेच फारसे लक्ष नसते. 'शुक्रवारपर्यंत माल पाठवा' आणि 'शुक्रवारपर्यंत माल गोदामात ठेवा' ही दोन्ही वाक्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रोज बोलली जातात. पाठवणे ही एकदाच घडून संपणारी क्रिया आहे, ठेवणे ही चालू राहणारी स्थिती आहे, आणि मराठी हा भेद क्रियापदावर सोडून देते. इंग्रजीत तो भेद शब्दातच दिसावा लागतो: पाठवायचे ते 'बाय फ्रायडे' आणि ठेवायचे ते 'टिल फ्रायडे'. नोकरीला लागलेली आपली मुले सर्रास 'सेंड इट टिल फ्रायडे' असे लिहितात, आणि वाचणाऱ्या परदेशी ग्राहकाला प्रश्न पडतो की शुक्रवार उजाडेपर्यंत रोजच काही पाठवत राहायचे की काय. उलट बाजूने 'आय विल वेट बाय फाइव्ह' हेही तितकेच चुकीचे आहे, कारण वाट पाहणे हे पाचच्या आत कधीतरी उरकून टाकायचे काम नव्हे. 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घालून वाक्य जमते का ते पाहावे. जमले तर 'बाय', नाहीतर 'टिल'. ही कसोटी शंभरातल्या नव्वद वेळा तरी उपयोगी पडते.

वाढ आणि घट सांगताना मात्र 'ने' अगदी चपखल बसतो, पण नेमके तिथेच आपण तो शिकवत नाही. गोदावरीला पूर आला की अख्खे नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहते: पाणी कमरेपर्यंत आले, छातीपर्यंत आले, गळ्याला लागले. ही भाषा पाणी कुठवर आले ते सांगते. पाणी कितीने चढले हे सांगायचे असेल तर 'दोन फुटांनी' म्हणावे लागते, आणि इंग्रजीत तिथे 'बाय टू फीट' येते. लासलगावला कांद्याचा भाव क्विंटलमागे दोनशेने उतरला आणि दोनशेवर उतरला, यातला फरक शेतकऱ्याच्या मुलाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पहिल्यासाठी 'बाय', दुसऱ्यासाठी 'टू', एवढेच त्याला दाखवायचे असते. मजुरीचेही तसेच. द्राक्षबागेत छाटणीला माणसे रोजाने लावली तर ती 'बाय द डे', आणि त्यातला 'द' विसरायचा नाही. प्रवासात मात्र तो 'द' गळतो: 'बाय बस', 'बाय ट्रेन'. स्वतःच्या गाडीने गेलात तर 'इन माय कार', आणि पायी गेलात तर 'ऑन फुट'. 'बाय वॉक' हा प्रकार इंग्रजीत नाही, तो आपण तयार केला आहे.

खरे तर शाळेत जाण्याआधीच 'बाय' आपल्या मुलांच्या तोंडी बसलेला असतो. खोली दहा बाय बाराची असते, जमिनीचा गट नंबर एकशे चौदा बाय दोन असतो, आणि यांतल्या एकाही ठिकाणी 'ने' किंवा 'कडून' घालून दाखवता येत नाही. गट नंबरातली तीच तिरकी रेघ सातबाऱ्यातही असते, पण तिथे कोणी तिचा उच्चार करत नाही. तलाठी कार्यालयात जाऊन 'सात बाय बारा' मागणारा शेतकरी मला तरी अजून भेटलेला नाही.